माहेरचं बाळंतपण, सासरचे कागद

ताईचं पहिलं बाळंतपण मिरजेत झालं. सासर खटाव तालुक्यातलं, म्हणजे तालुक्याचं काम वडूजला आणि जिल्ह्याचं साताऱ्याला. भाचीचे दाखले आणि योजना लावायचं काम माझ्याकडे आलं. महापालिका, आरोग्य खातं, अंगणवाडी आणि रेशनकार्डाचं काम बघणारी पुरवठा शाखा अशा चौघांकडे बाळाची आपापली नोंद असते. एकाची नोंद दुसऱ्यापर्यंत पोचेल असं धरून चालायचं नाही, कागद हातात घेऊन आपणच फिरायचं. त्यात क्रम चुकला की परत पहिल्यापासून.

सुरुवात जन्मदाखल्यापासून. जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते, आईवडील कुठले याचा संबंध नाही. दाजी गावच्या ग्रामपंचायतीत विचारून आले, पण तो दाखला तिथे मिळणारच नव्हता. मिरजेतला जन्म म्हणजे सांगली मिरज कुपवाड महापालिकेचा दाखला. दवाखान्यातला जन्म दवाखानाच कळवतो. २१ दिवसांच्या आत कळवलं तर फी नाही, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बारसं व्हायचं असलं तरी नोंद थांबवू नका. बाळाचं नाव १२ महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं.

आमची चूक इथेच झाली. दवाखान्याच्या फाइलवर ताईचं माहेरचं नाव होतं आणि तेच जन्माच्या अर्जावर उतरलं. दुरुस्तीसाठी दवाखान्याचं पत्र, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांची आधार कार्डं आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं, तीन आठवडे गेले. डिस्चार्जच्या आधी तो अर्ज मागून घ्या आणि आधार कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. मराठी आणि इंग्रजी, दोन्हीतलं. इंग्रजी स्पेलिंगमधला एक जादाचा 'ए' पुढे चार ठिकाणी आडवा येतो.

दाखला नीट झाला की बाल आधार. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला यासाठी जन्मदाखलाच लागतो, दुसरा पुरावा चालत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत. बाळाचा फोटो आणि आईच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी, एवढंच. ठसे पाच वर्षांनंतर द्यायचे.

रेशनकार्डात सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण गाठ बाळाच्या नावाची नव्हतीच. लग्नाला दोन वर्षं झाली तरी ताईचं नाव आमच्याच कार्डावर होतं. आधी माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला, मग तो घेऊन वडूजला तिचं नाव चढवायचं आणि त्यानंतर बाळाचं. लग्न झाल्या झाल्या हे उरकून टाकावं. लग्नात हजार कामं आठवतात, हे एक कुणालाच आठवत नाही.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये मिळतात. ३,००० चा पहिला हप्ता गरोदरपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी यावर. २,००० चा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. (दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी.) पहिल्या अपत्यासाठी मुदत शेवटच्या पाळीपासून ५७० दिवस, बाळाच्या जन्मापासून नव्हे. शेवटच्या पाळीची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर असते.

पैसे कुठे गेले, हा खरा घोळ. अर्जावर खातं कुठलंही लिहा, पैसे आधारला शेवटची जी बँक जोडली असेल तिथेच जातात. ताईचं आधार कॉलेजात असताना काढलेल्या खात्याला जोडलेलं होतं आणि ते खातं वापराविना बंद पडलेलं. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं तेव्हा उलगडा झाला. नव्या बँकेत नुसती आधारची झेरॉक्स देऊन भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून, आधार जोडण्याचा वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो. खातं आईच्या एकटीच्या नावावर हवं, जोडखातं चालत नाही.

अंगणवाडीचं वेगळंच. ताईची नोंद सासरच्या अंगणवाडीत पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या ॲपवर होती. मिरजेच्या सेविकांनी नव्याने नोंद घालायला घेतली तर आधार आधीच वापरलेलं. अशा वेळी जुनी नोंदच स्थलांतर दाखवून हलवायची असते, त्यासाठी दोन्हीकडच्या सेविकांचं फोनवर बोलणं करून दिलं की झालं. घरी न्यायच्या आहारासाठी आता चेहरा पडताळतात आणि त्याच्या केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. आमच्या बाबतीत तो नंबर पुण्याला कामावर असलेल्या दाजींचा! मोबाइल नंबर आईचाच असू द्या.

माहेरी घेतलेल्या लसी सासरी कळाव्यात म्हणून प्रत्येक वेळी सिस्टरांना ताईचा आरसीएच नंबर, म्हणजे आरोग्य खात्याकडचा आईच्या नोंदणीचा नंबर, दाखवून नोंद करायला लावायचो आणि कार्डावर तारीखही लिहून घ्यायचो. आशाताईंच्या घरभेटी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. बाळंतीण माहेरी आल्याचं तिथल्या आशाताईंना कुणी सांगितलंच नाही तर त्या येणार कुठून? आम्ही सातव्या दिवशी सांगितलं, पहिली भेट गेलीच.

राहिली मुलींसाठीची राज्याची लेक लाडकी योजना. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, उत्पन्न वर्षाला १ लाखापर्यंत. जन्मावेळी ५,०००, पुढे पहिलीत, सहावीत आणि अकरावीत ६, ७ आणि ८ हजार, अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. अर्ज सासरच्या अंगणवाडी सेविकेकडे. पहिल्या हप्त्याला मुलीच्या आधारचा आग्रह नाही, पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतंच. म्हणून हा अर्ज शेवटी गेला.

सहा महिने पूर्ण झाले की अंगणवाडीतून बाळाचा स्वतःचा आहार सुरू होतो, त्याच आठवड्यात ताई भाचीला घेऊन सासरी जाईल. नववा महिना भरला की गोवर-रुबेलाची लस, ती तिकडच्या उपकेंद्रात. कार्ड ताईच्या पिशवीत आहे, त्याची झेरॉक्स माझ्याकडे.