आमची वाटचाल: गुंतवळ, गंगावन आणि ‘१०ए’

सोलापुरात आमच्या सासूबाई गंगावनं करायच्या. ओळखीच्या बायका फणीत आलेलं गुंतवळ महिनोन्‌महिने पिशवीत साठवून आणायच्या. सासूबाई ते उंबऱ्यात बसून सोडवायच्या आणि ज्या बाईचे केस तिलाच गंगावन करून द्यायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा आमचा धंदा म्हणजे एक सतरंजी, खिळ्यांची फणी आणि काळा दोरा.

पुढे मी छोटा गाळा घेतला. नवरीचा मेकअप करणाऱ्या मुली एक्स्टेन्शन, म्हणजे केसांना जोडायच्या तयार बटा, मागू लागल्या होत्या, म्हणून तयार माल आणला. पाकिटावर सोनेरी अक्षरांत ‘१०ए’. मला वाटलं, सोन्याच्या कॅरेटसारखं काहीतरी ठरलेलं मोजमाप असणार. ७ए, ८ए, १०ए, तसा भाव चढता. पहिलाच मोठा सेट एका नवरीला दिला. तिसऱ्या धुण्याला त्याची जट झाली. तिची आई तो रुमालात गुंडाळून घेऊन आली आणि काउंटरवर ठेवून नुसती बघत राहिली. पैसे परत केले. माल देणारा म्हणाला, तुमच्याकडचं पाणी जड आहे. पाणी जड आहे हे खरंच, पण त्याच पाण्यात सासूबाईंची गंगावनं वर्षानुवर्षं धुतली जात होती!

सासूबाईंनी त्या जटेतून एक केस ओढून काढला, चिमटीत धरून मागेपुढे चोळला. मग दुसरा. “उलटसुलट आहेत गं,” एवढंच म्हणाल्या. केस असा चोळला की तो मुळाच्या दिशेने सरकतो, गव्हाचं कुसळ बाहीत चढतं तसा. केसावर माशासारखे बारीक खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. एकाचं मूळ दुसऱ्याच्या टोकाशी आलं की खवल्यात खवला अडकतो. गुंतवळात केस असेच मिसळलेले असतात. सासूबाई ते चोळून, निवडून एका दिशेला लावायच्या. असे एका दिशेला लावलेले केस म्हणजेच बाजारात म्हणतात ते ‘रेमी’; सासूबाईंना तो शब्द माहीत नव्हता, एवढंच.

निवडायचा वेळ वाचवायला काही कारखाने केस ॲसिडमध्ये बुडवून खवलेच काढून टाकतात आणि वरून सिलिकॉन चढवतात. दुकानात असा केस आमच्या चांगल्या मालापेक्षाही जास्त चमकतो, हीच तर पंचाईत. सिलिकॉन धुऊन गेलं की आत कोरडं गवत.

आणि तो ‘ए’? तो आकडा कोणतीही संस्था तपासून देत नाही. ज्याचं पाकीट, त्याचा आकडा. तिरुपतीच्या देवस्थानात केसांची प्रतवारी होते ती लांबीवर. सगळ्यात लांब केस पहिल्या प्रतीत. तिथे निदान पट्टी लावून बघता येतं. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला मी पहिल्यांदा गेले तेव्हा गावोगावहून भांड्यांच्या बदल्यात गोळा केलेल्या गुंतवळाची पोती बघितली. बायका ओळीने बसून ते सोडवत होत्या. मला आमचा उंबरा आठवला.

आता आमच्या पाकिटावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: केस एकदिशा आहेत की मिसळलेले, रंगवलेले की मूळ रंगाचे, आणि सिंगल ड्रॉन की डबल ड्रॉन. सिंगलमध्ये आखूड केस राहतात, म्हणून शेपटा टोकाला निमुळता होतो. डबलमध्ये आखूड केस बरेचसे काढून टाकतात, त्यामुळे तो खालपर्यंत भरलेला दिसतो आणि महागही पडतो. लग्नात एकदाच खोप्यात घालायचे असतील तर मी स्वतःच सिंगल घ्या म्हणते. उगाच पैसे कशाला घालवायचे? एक गोष्ट मात्र सक्तीची. आमच्यासाठी आलेल्या प्रत्येक लॉटमधली एक बट आम्ही साध्या शाम्पूने पाच वेळा धुऊन वाळवतो आणि मगच पैसे देतो. यामुळे दोन व्यापारी आम्हाला माल द्यायचे बंद झाले.

परवा एका मुलीने फोनवर विचारलं, “काकू, १२ए आहे का?”

म्हटलं, “ये दुकानात. दोन केस देते, चोळून बघ.”