पहिला डबा समोरच्या घरात का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पुण्याची नणंद विचारते, गल्लीतली पोरं विचारतात, परवा भिशीत पुन्हा तोच विषय निघाला. "तुमचे मालक 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीला जाणार आणि दिवाळीचा पहिला डबा समोरच्या कानडी घरात. हे कसं काय जमतं?"

जमत नाही. पण डबा जातो.

आधी एक सांगून टाकते. ती फीत मलाही मान्य आहे. 1956 साली त्या दिवशी आम्हा बेळगावच्या मराठी माणसांना न विचारता इकडं, म्हणजे आजच्या कर्नाटकात, टाकलं. कानडी लोक त्या दिवशी राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन, साजरा करतात, आपण काळा दिन पाळतो, आणि महाराष्ट्राचा 2004 पासूनचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. सासरे त्याची वाट बघत गेले. घरपट्टीचा कन्नड कागद आला की आजही मला तो घेऊन कुणाच्या तरी दारात जावं लागतं, आणि पन्नाशीच्या बाईला स्वतःच्या गावात ते लागतं. त्यामुळे मी मवाळ झाले, विसरले, असं कुणी म्हणू नये.

2005 साली लक्ष्मीपूजन नेमकं 1 नोव्हेंबरला आलं. ऑक्टोबरच्या शेवटी बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला होता आणि गाव तापलेलं होतं. वडगावात आमच्या समोर माग असलेलं घर. त्या घरातल्या अक्का दर दिवाळीला फराळ पाठवायच्या, आम्ही त्यांना. दुपारी त्यांची मुलगी स्टीलचा डबा घेऊन आली. आत करचिकाई, म्हणजे आपली करंजीच, आणि वर दोन शेंगा होळिगी. झाकणावर कन्नडमध्ये नाव कोरलेलं. मला ते वाचता येत नाही, पण हात फिरवला की बोटाला लागतं.

मी फराळ ताटात काढला, डबा घासला, पुसला आणि रिकामा परत दिला. आपल्यात डबा रिकामा देत नाहीत, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. माझ्या घरी तेव्हा चकल्यांची अख्खी बरणी भरलेली होती. मुद्दाम दिला. पोरीनं झाकण उघडून आत बघितलं आणि काही न बोलता गेली.

रात्री नऊच्या सुमाराला सासऱ्यांना दम लागला. छातीतून शिट्टीसारखा आवाज, ओठ काळेनिळे. दिवाळी आणि वर बंद, रिक्षा एक नाही. हे गल्लीच्या तोंडापर्यंत पळत जाऊन आले. तेवढ्यात समोरच्याच घरातले अण्णा राज्योत्सवाच्या मिरवणुकीतून घरी आले होते, गळ्यात कानडी झेंड्याचा लाल-पिवळा पट्टा. त्यांनी काही विचारलं नाही. साड्यांचे गठ्ठे न्यायचा टेम्पो बाहेर काढला, मागे गठ्ठ्यांवर सासऱ्यांना निजवलं, मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. हे पुढे अण्णांच्या शेजारी. सकाळच्या फेरीतली फीत ह्यांच्या बाहीवर सेफ्टी पिनेनं तशीच होती, घाईत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

चन्नम्मा चौकाच्या अलीकडे रस्ता अडवलेला. ढोल, डीजे, झेंडे. अण्णांनी टेम्पो थांबवला, हात लांब करून ह्यांच्या बाहीची पिन काढली आणि फीत घडी करून ह्यांच्याच खिशात घातली. मागच्या काचेतून मी बघत होते. म्हणाले, "मालक, पोचल्यावर परत लावा." मग खिडकीतून डोकं काढून पोरांना ओरडले, "नम्मप्परी, आराम इल्ला, दारी बिडरी!" आमचे वडील आहेत, बरं नाही, वाट सोडा. माझ्या सासऱ्यांना ते आपला बाप म्हणाले. पोरांनी अडसर बाजूला ओढले. त्यातला एक, झेंडा खांद्यावर टाकून, दवाखान्याच्या वळणापर्यंत पुढं पळत वाट करत गेला. त्याचं तोंडही मी नीट बघितलं नाही.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रात्र निघाली. सासरे पुढे चार वर्षं होते.

आता ही गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, बघा, शेवटी माणुसकीच मोठी. आमच्या घरात ती अशी संपलेली नाही. दवाखान्यात पोचल्यावर ह्यांनी फीत परत लावली नाही आणि त्याचा त्यांना आजही त्रास होतो. एकदाच बोलले, "त्यानं विचारायला पाहिजे होतं." मी म्हटलं, वेळ कुठं होता? "विचारायला किती वेळ लागतो?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. अण्णांनी उपकार केला की ह्यांच्या बाहीला हात घातला? दोन्ही एकाच हातानं झालं. मी त्या हाताला डबा देते, आणि हे मला अडवत नाहीत, पण द्यायला जातही नाहीत.

तेव्हाची मी आज समोर आली तर भांडेल. म्हणेल, एका टेम्पोच्या भाड्यात मिंधी झालीस. मी तिला सांगेन, मी भाडं फेडत नाही. भाडं तर अण्णांनी घेतलंच नव्हतं, डिझेलचे पैसेही परत पाठवले. मला तो रिकामा डबा सलतो. टेम्पो काढताना त्यांच्या पोरीनं तो घरी नेऊन सहा तासही झाले नव्हते.

2024 साली लक्ष्मीपूजन पुन्हा 1 नोव्हेंबरला आलं. हे सकाळी फीत लावून गेले. मी चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू भरून समोर गेले. अक्कांच्या गुडघ्यांना आता जमत नाही, त्या पलंगावरूनच "बर्री", या, म्हणाल्या. डबा रिकामा करून त्यांनी त्यात साखर घातली, मूठभर, आणि झाकण लावून माझ्या हातात दिला.

2005 चा डबा त्यांना आठवतो का, मी विचारलेलं नाही. विचारण्यापुरती कानडी मला येते.