उद्यमनगरच्या गल्ल्यांतून तुटलेलं पिनियन घेऊन (जाणाऱ्यांसाठी माहितीसकट)

मामांच्या गुऱ्हाळावरच्या घाण्याचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, ऐन हंगामात तुटलं, दोन दात साफ उडाले, आणि कंपनीचं स्पेअर मिळणार नव्हतं कारण मशीनच इतकं जुनं की त्यावरची पट्टीपण वाचता येत नाही. मामा म्हणाले चल उद्यमनगरला. लहानपणापासून त्या भागातून गाडीवरून शेकडो वेळा गेलोय पण तिथे काम घेऊन, पायी, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत असं फिरणं पहिल्यांदाच झालं, आणि खरं सांगतो, कोल्हापूर बघायचं असेल तर अंबाबाई आणि रंकाळ्यासोबत हेही बघितलंच पाहिजे.

शिवाजी उद्यमनगर शहराबाहेर नाही, राजारामपुरीला लागूनच आहे. रिक्षावाल्याला पार्वती टॉकीज सांगितलं तरी चालतं. स्टँडवरून रिक्षाने फार वेळ लागत नाही. फोर व्हीलर आत घालू नका, टेम्पो, हातगाड्या, रस्त्यावर उतरवलेले लोखंडी बार, यात तुम्ही अडकता आणि त्यांचंही काम अडवता. गाडी बाहेर मोठ्या रस्त्याला लावा आणि आत चालत जा. पायात बूट पाहिजेतच, चप्पल नको, खाली लोखंडाचा बूर पडलेला असतो आणि तो सोलमधून आत जातो.

आत गेल्यावर पहिल्यांदा काही कळत नाही. एक शटर लेथचं, त्याला लागून बेअरिंगचं दुकान, मग ग्राइंडिंग, मग पावडर कोटिंग, मग टूल्सचं दुकान, मध्येच चहाची टपरी. बोर्ड बघून शोधायला गेलात तर दमाल. एका शटरला सगळं काम होतच नाही. तुमचा जॉब, म्हणजे करून घ्यायचा भाग, हा गल्लीतून फिरतो, एकजण कापतो, दुसरा टर्निंग करतो, तिसरा दात पाडतो, चौथा चावीची (चाक शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या पाचरीची) खाच मारतो, आणि प्रत्येकाला पुढचा कोण चांगला हे माहीत असतं. मोठ्या कारखान्यात जे एका छपराखाली असतं ते इथे रस्त्यावर पसरलेलं आहे. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, एकाच्या हवाली करून घरी जाऊ नका, वेळ असेल तर जॉबसोबत फिरा. कुठे काय होतंय ते कळतं, आणि माप चुकलं तर तिथल्या तिथे सापडतं.

आम्ही आधी एका वयस्कर मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी पिनियन हातात घेऊन किंमत वगैरे काही सांगितलीच नाही, पहिला प्रश्न, "तुटलं कसं ते सांगा आधी." मामा म्हणाले उसाच्या मोळीत दगड आला. मग त्यांनी तुकडा बेंच ग्राइंडरला टेकवला. ठिणग्या लांब, पांढरट-पिवळ्या आणि टोकाला फुटणाऱ्या. "स्टील हाय मालक, बीड न्हाई." बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या, ठिणग्या आखूड आणि लालसर पडतात, तेही त्यांनी शेजारचा बिडाचा तुकडा टेकवून दाखवलं. दोन मिनिटांत मटेरियल कळलं, लॅब नाही काही नाही. मला तो माणूस मनापासून आवडला.

मग मापं. हे नीट वाचा कारण तुमच्याही उपयोगाचं आहे. गिअरचा बाहेरचा व्यास मिलीमीटरमध्ये घ्या, दातांच्या संख्येत २ मिळवा आणि त्याने भागा, मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, येतं. आमचे दात १८, म्हणजे भागायचं २० ने, व्यास झिजून १५९ च्या आसपास भरत होता, उत्तर ७.९५, म्हणजे मॉड्यूल ८ आणि मूळ व्यास १६०. जुन्या इंची मशीनवर मात्र डीपी (डायमेट्रल पिच, दाताचं इंची माप) असतो, तिथे उत्तर विचित्र आलं तर जबरदस्तीने जवळच्या मॉड्यूलमध्ये बसवू नका, जोडीचं चाक दाखवा. म्हणून तुटलेला भाग, उडालेले दात, जमलं तर जोडीचं चाक आणि ज्या शाफ्टवर बसतं त्याचं माप, हे सगळं घेऊनच जा. नुसता मोबाईलमधला फोटो घेऊन आलेले लोक परत जाताना बघितले.

मटेरियल इएन-८, म्हणजे मध्यम कार्बनचं स्टील, घ्यायचं ठरलं. बारच्या दुकानात वजनावर पैसे, आणि वजन आधीच काढता येतं, मिलीमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलो. १६५ चा बार मीटरला १६८ किलो, आम्हाला १०५ मिलीचा तुकडा लागत होता, म्हणजे साडेसतरा किलोच्या वर थोडं. काट्यावर उभं राहायच्या आधी हे डोक्यात असलं की बरं पडतं.

लेथवर टर्निंग, मग हॉबिंगला, म्हणजे दात पाडायला. हॉबिंग मशीनवर कटर आणि जॉब दोन्ही एकाच वेळी फिरतात आणि सगळे दात मिळून हळूहळू तयार होत जातात, एकेक दात नाही. तेलाच्या धारेखाली ते बघत उभं राहिलं की वेळ कसा जातो कळत नाही. शूटिंग करायचं असेल तर विचारून करा, बरेच जॉब दुसऱ्या कंपन्यांचे असतात, त्यांना चालत नाही. शेवटी स्लॉटिंगवर चावीची खाच, आणि दातांना इंडक्शन हार्डनिंग, म्हणजे वरची कातडी कडक आणि आतला गाभा चिवट. इथे मेस्त्रींचं ऐका. जोडीचं चाक मऊ असताना पिनियन फार कडक केलं तर मोठं चाक खाऊन टाकतं.

चहाच्या टपरीवर विषय निघालाच, हे सगळं इथेच का? मला वाटतं शेतीमुळे. नदीवरून पाणी उपसायला ऑइल इंजिनं, ऊस गाळायला घाणे, त्यांची दुरुस्ती करता करता माणसं घडली. १९०६ ला शाहू महाराजांनी मिल काढली. बाबुराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवला. यंत्र उघडून बघायची सवय या गावाला जुनी आहे. आता मोठी फाउंड्रीची कामं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या एमआयडीसींत गेलीत, पण एकच नग हवा असेल तर आजही उद्यमनगरच. एका नगासाठी तिकडे कोण दारात उभं करणार?

बाकी बारीकसारीक. सकाळी कामं सुरू होतानाच पोचा. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी बहुधा सोमवारी असते, ओळखीच्या कुणाला तरी फोन करून निघा. दर प्रत्येक ऑपरेशनचा वेगळा विचारा, हार्डनिंग त्यात धरलंय का तेही. बिल पाहिजे असेल तर सुरुवातीलाच सांगा. जेवायला लांब जायची गरज नाही, मिसळ आणि कटवडा जवळच मिळतो.

आणि ज्यांना बिडाचं कास्टिंग करून घ्यायचंय त्यांनी एका दिवसाचा हिशोब करू नका. आधी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनतो, तोही मापापेक्षा साधारण एक टक्का मोठा कारण बीड थंड होताना आकसतं, मग साचा, ओतकाम, मग मशीनिंग. पॅटर्न तुमच्या पैशाने बनलाय तर तो काम झाल्यावर मागून घ्या आणि कोरड्या जागी ठेवा, पुढच्या वेळी तेवढा खर्च वाचतो.