थिबा राजवाड्याची सहल आणि एक गोल शिक्का

आमच्या सहलीची फाइल तिसऱ्यांदा परत आली त्या दिवशी मी शिक्षण खात्याच्या कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. दुपारची शेवटून दुसरी एसटी गेली, तरी उठवेना. मांडीवर ५३ मुलांची संमतीपत्रं होती. काहींवर आईचा अंगठा, काहींवर मुंबईला कामाला असलेल्या बापाऐवजी आजोबांची सही. तीन वेळा दाभण घालून कागदांची भोकं मोठी झाली होती. ही गोष्ट होऊन आता बरेच महिने झाले. सहल झाली, छान झाली. पण तो बाक आठवला की अजून राग येतो, म्हणून हे लिहितेय. ज्यांना आपली मुलं न्यायची आहेत त्यांचे तरी हेलपाटे वाचावेत.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. आमची मुलं एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात, चांगल्या श्रेणीही आणतात. पण मूर्ती काढायला सांगितली की कॅलेंडरवरची काढतात. त्यात त्यांचा दोष नाही. देवळातला देव वस्त्रात, हारात, समईच्या उजेडात असतो आणि आपण उंबऱ्याबाहेरून हात जोडतो. दगडाला छिन्नी लागून डोळा कसा उमटतो, बोट कसं सुटं होतं, हे जवळून बघायची सोय गावात नाही. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, तिथे जुनी दगडी शिल्पं मांडलेली आहेत. आमच्याकडून एसटीने दोन तास. एवढ्या जवळ राजाचा वाडा आणि त्यात शिल्पं असताना मुलांनी छापील चित्रावरून का शिकायचं, हा माझा साधा प्रश्न होता.

आधीचं सगळं सोपं झालं. मुख्याध्यापक लगेच हो म्हणाले. पालकांनी आठवड्यात सह्या दिल्या. आगारात प्रासंगिक करारावर गाडी मिळाली. (एसटी शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्याची सवलत देते. अर्ज शाळेच्या लेटरहेडवर द्या आणि मुलांची यादी जोडा.) तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली धरली होती, मुद्दाम. जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा असते आणि माझी सगळ्यात तयारीची ११ मुलं दहावीत होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर मी प्रस्ताव त्या कार्यालयात परवानगीसाठी दिला. नऊ दिवसांनी तो परत आला. वर पेन्सिलीने लिहिलेलं, ‘स्थळाची परवानगी जोडावी.’ मी राजवाड्यात फोन केला. पलीकडचे गृहस्थ नीट बोलले. म्हणाले, “बाई, तिकीट काढून कुणीही येऊ शकतं. सोमवारी बंद असतं, तेवढं बघा.” मी कार्यालयात जाऊन हे सांगितलं.

“लेखी आणा,” फाइल बघणारे कारकून भाऊसाहेब म्हणाले.

“अहो, तिथे परवानगी लागतच नाही, तर ते लेखी काय देणार?”

“मग परवानगी लागत नाही, असं लेखी आणा.”

हे बोलताना त्यांनी मान वर केली नाही. मला त्याचंच जास्त लागलं. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता, माणूस कामात होता, हे मला दिसत होतं. पण ५३ मुलांचा कागद हातात घेऊन कुणी समोर उभं असेल तर एकदा तरी बघावं.

दुसऱ्यांदा फाइल अडकली ती ‘खाडी’ या शब्दावर. दुपारच्या कार्यक्रमात मी ‘थिबा पॉइंट येथून खाडीचे निरीक्षण व रेखाटन’ असं लिहिलं होतं. त्यावर शेरा आला, ‘पाण्याच्या ठिकाणी नेता येणार नाही.’ हा नियम मला मान्य आहे आणि मनापासून मान्य आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची १४ मुलं मुरूडच्या समुद्रात बुडाली. त्यानंतर कोकणातल्या कुठल्याही शिक्षकाने पाण्याच्या बाबतीत हुज्जत घालू नये. पण थिबा पॉइंट उंच टेकाडावर आहे. तिथून काजळी नदी आणि भाट्याची खाडी खाली लांब दिसते, राजिवड्याची वस्ती दिसते. पाण्यात पाय घालायचा तर मैलभर उतरून जावं लागेल. मी हे सांगितलं तर ‘तसा दाखला आणा’ म्हणाले. डोंगर उंच आहे याचा दाखला कुणाकडून आणायचा? मी त्या दोन ओळी काढून टाकल्या. दोन ओळी काढल्या म्हणून पानांचे क्रमांक बदलले, क्रमांक बदलले म्हणून प्रत्येक पानावर मुख्याध्यापकांची सही पुन्हा. तुम्ही प्रस्ताव लिहाल तेव्हा ‘खाडी’, ‘जेटी’, ‘किनारा’ हे शब्द, तिथे खरंच जायचं नसेल तर, लिहूच नका.

आणि तिसऱ्यांदा पुन्हा तेच, स्थळाचं पत्र. मधल्या काळात साहेब एकदा दौऱ्यावर, एकदा मीटिंगला, एकदा रजेवर. डिसेंबरची तारीख निघून गेली. गाडी रद्द करावी लागली. दहावीच्या मुलांना वर्गात जाऊन सांगितलं की तुम्हाला येता येणार नाही. कुणी काही बोललं नाही. एका मुलीने तेवढी वहीवरची पेन्सिल उचलून कंपासपेटीत ठेवली आणि पेटी बंद केली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मार्ग दाखवला तो तिथल्या शिपाईमामांनी. मी त्या बाकावर बसलेली, ते पाण्याचा जग घेऊन आले. म्हणाले, “बाई, पत्र त्यांच्याकडून कशाला मागताव? तुम्हीच पत्र लिवा, आमी अमक्या दिवशी येतोय म्हणून. तिकडं द्या आणि तुमच्या कापीवर पोच घ्या. हितं कागुद पायजे, बाकी काय नाय.”

दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकून मी रत्नागिरी गाठली. ‘आमचे विद्यार्थी अमुक दिवशी संग्रहालय पाहण्यास व पेन्सिलीने रेखाटन करण्यास येत आहेत, कृपया नोंद घ्यावी’, एवढंच पत्र. राजवाड्यातल्या माणसाने वाचलं, प्रतीवर गोल शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, खाली तारीख टाकून सही केली. पाच मिनिटं लागली असतील. शिक्क्याची जांभळी शाई एका बाजूला जरा पसरली होती. परत येताना एसटीत मी ती प्रत घडी न घालता दोन पुठ्ठ्यांत धरून आणली. भाऊसाहेबांनी ती पाहिली, पंच केली, फाइलीत घातली. “आता झालं,” म्हणाले. चार दिवसांत मंजुरी आली. प्रस्ताव दिल्याला सात आठवडे झाले होते.

हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर माझी दहावीची मुलं आली असती. मला एवढंच म्हणायचं आहे. नियम असू द्या, कागद असू द्या, पण नक्की कोणता कागद चालेल ते समोरच्या माणसाला एका वाक्यात सांगा.

जानेवारीच्या शेवटी आम्ही ४२ जण घेऊन गेलो. गाडीत मी मुलांना राजाची गोष्ट सांगितली. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला राणी सुपायालतसह पकडून आणलं. पुढच्या वर्षी रत्नागिरीत ठेवलं, कारण इथे रेल्वे नव्हती, आपल्या माणसांपासून तो हजारो मैलांवर होता. आधी बरीच वर्षं बंगल्यांमध्ये काढली, हा राजवाडा त्याच्यासाठी बांधून १९१० मध्ये तो इथे राहायला आला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. म्हणजे वाड्याचं सुख फक्त सहा वर्षं. त्याची कबर रत्नागिरीतच, शिवाजीनगरला आहे. १९१९ मध्ये राणी रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येने मात्र राजवाड्यात नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्याशी संसार मांडला, ती शेवटी रत्नागिरीतच राहिली. तिची मुलगी टुटू इथेच मराठी बोलत वाढली. आमच्या नववीत दोन सावंत आहेत, ते हे ऐकून ताठ बसले.

वाड्यासमोर उतरल्यावर मुलं आधी गप्प झाली. उतरत्या छपरांची तीन मजली इमारत, अर्धगोल खिडक्यांवर सागवानी कोरीव काम. मग चिरेखाणीवर काम करणाऱ्याचा एक मुलगा भिंतीजवळ गेला, दगडाच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाला, “बाई, ह्यो तर आमच्या खाणीतलाच चिरा हाय!” बरोबर होतं त्याचं. जांभाच तो. मग तिथेच भिंतीपाशी आमचा पहिला तास झाला. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत कडक होतो, भिंतीला उत्तम. पण तो भोकाभोकांचा, त्यात नाक-डोळे धरत नाहीत. म्हणून आपल्याकडे घर, गडगा, देवळाचा चौथरा जांभ्याचा आणि देव काळ्या दगडाचा. आत गेल्यावर मुलं प्रत्येक मूर्तीशी जाऊन आधी दगड बघत होती, हे मी शिकवून झालं नसतं.

त्यांना मी सांगितलं होतं, पहिला अर्धा तास पेन्सिल काढायची नाही, नुसतं बघायचं. रंग मुद्दाम नेले नव्हते, जमिनीवर एक थेंब सांडला तर पुढच्या शाळेला दार बंद होतं. विष्णूची मूर्ती कशी ओळखायची हेही आधी फळ्यावर घेतलं होतं. चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म हीच आयुधं, पण क्रम बदलला की नाव बदलतं, अशी चोवीस नावं. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून वर जाऊन पलीकडे उतरायचं. पद्म, शंख, चक्र, गदा आलं की केशव. आपल्या आसूदला, कोळिसऱ्याला देव आहे तो हा. एवढी तयारी करून न्या, नाहीतर मुलं वीस मिनिटांत बाहेर येऊन डबा उघडतात.

आठवीतली एक छोटी मुलगी एका मूर्तीच्या बाजूने वाकून मागे बघत होती. मला वाटलं काही पडलं असेल. “बाई, हिला पाठच नाय,” ती म्हणाली. मी वाकून पाहिलं. पुढे माळेचा मणी न् मणी सुटा, पोटावर वस्त्राची चुणी, आणि मागे नुसता ओबडधोबड दगड, छिन्नीचे तिरपे घाव तसेच ठेवलेले. मूर्ती भिंतीला लागून बसायची, मागचं कोण बघणार? पण त्या घावांत कारागिराचा हात दिसत होता, पुढच्या गुळगुळीत बाजूला दिसत नव्हता इतका. मग सगळ्यांनी पाळीपाळीने वाकून पाहिलं. सहा जणांनी ती पाठ काढली. मी वीस वर्षं चित्रकला शिकवतेय, मूर्तीची पाठ मीही आधी बघितली नव्हती.

एकाने विचारलं, आताची माणसं असं काही घडवत नाहीत का? मी त्याला अलिबागजवळच्या सासवण्याच्या विनायक करमरकरांचं सांगितलं. १८९१ चा जन्म. गावातल्या भिंतीवर त्यांनी काढलेलं चित्र ओटो रॉथफील्ड या कलेक्टरने पाहिलं आणि त्यांना मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला पाठवलं. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवण्याचं त्यांचं घर आज शिल्पालय आहे. पुढच्या सहलीचा प्रस्ताव तिथलाच करायचा आहे. त्या पत्राची पोच मी आधी घेणार, मगच फाइल लावणार. आणि तारीख नोव्हेंबरची.

शाळेत परतल्यावर चित्रं व्हरांड्यात दोरीला लावली. पूर्वपरीक्षेचा पेपर देऊन दहावीची ती मुलगी तिथे थांबली. सगळी चित्रं बघत शेवटी त्या पाठीच्या चित्रापाशी आली. “बाई, हे काय?” मी सांगितलं. तिने बोट न लावता घावांच्या रेघांवरून हात फिरवला, वरून खाली, जसा छिन्नीचा जाईल तसा. म्हणाली, “मी बोर्डाची परीक्षा झाल्यावर आईला घेऊन जाते.”

मी तिला म्हटलं, जा. सोमवार सोडून जा.