चौकटीबाहेरचं दिसायला हवं होतं

जिथे मी वर्षानुवर्षं कॅमेऱ्यातल्या फिल्मचे रोल धुवायला टाकत होते, त्या दुकानदाराने एके दिवशी यंत्रच विकून टाकलं. मग रोल कुरियरने मुंबईला जाऊ लागले. तीन-तीन आठवडे वाट पाहायची, आणि एकदा तर दोन रोल या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा घेऊनच परत आले. त्यात पुण्यात पालखी आली त्या दिवसाचे फोटो होते. ते परत काढता येणार नव्हते. त्या रात्री ठरवलं, आता डिजिटल कॅमेरा घ्यायचा.

माझी सगळी सवय रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची, म्हणजे लेन्सऐवजी शेजारच्या खिडकीतून पाहायच्या कॅमेऱ्यांची. सुरुवात बाबांच्या झोर्की-४ वर झाली. सोव्हिएत बनावटीचा जड कॅमेरा, त्यावर ५० मिमीची ज्युपिटर-८ लेन्स. बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधी रोल पुढे ओढ, मग स्पीड बदल. उलट केलंस तर आतलं बिघडेल." पुढे मी स्वतःच्या पैशाने फोइग्टलेंडर बेसा-आर घेतला. त्यालाही तीच आट्यांची लेन्स बसत असल्यामुळे ज्युपिटर सुटली नाही. सोबत ३५ मिमीची छोटी एफ/२.५ लेन्स (एफचा आकडा म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आली आणि बहुतेक वेळ तीच लावलेली असायची.

दुकानात गेले तर तिथला मुलगा म्हणाला, "ताई, फोकस आपोआप होतो, तुम्ही फक्त बटण दाबा." त्याने मनापासून सांगितलं, पण माझी अडचण ती नव्हतीच. एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, आपण लेन्समधून पाहतो. जे फोटोत येणार तेवढंच दिसतं, आणि नेमक्या क्षणी आरसा वर जाऊन अंधार होतो. रेंजफाइंडरमध्ये आपण शेजारच्या छोट्या खिडकीतून पाहतो. त्या खिडकीत उजळ रेषांची चौकट तरंगत असते आणि तिच्याबाहेरचं जगही दिसत राहतं. कोण चौकटीत शिरणार आहे हे आधीच कळतं.

सरळ उत्तर लायका कंपनीचा कॅमेरा हे होतं. त्यांचा २००९ चा एम९ हा फिल्मच्या पूर्ण चौकटीएवढा सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग) असलेला पहिला डिजिटल रेंजफाइंडर. माझ्या लेन्स साध्या रिंगने त्यावर बसल्या असत्या. पण नव्या लायकाच्या किमतीत छोटी चारचाकी येते, आणि जुन्या एम९ च्या सेन्सरवरची काच गंजण्याचा दोष सर्वांना ठाऊक आहे. तो विचार मी दोन दिवसांत सोडला.

मग मैत्रिणीचा सोनी ए७ हा आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा आठवडाभर वापरला. ज्युपिटर त्यावर सुंदर चालली, पण ३५ मिमीच्या लेन्सने काढलेल्या फोटोंचे कोपरे धूसर पडत होते. कारण समजून घेतलं तेव्हा पटलं. रेंजफाइंडरच्या रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसतात, त्यामुळे कडांवर प्रकाश तिरका पडतो. फिल्मला त्याचं काही वाटत नाही. सेन्सरवर मात्र जाड काच असते आणि तिरके किरण तिच्यातून नीट पार होत नाहीत. शिवाय ए७ च्या खिडकीत फक्त चौकटीपुरतं दृश्य दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा दिसायचा. त्या आठवड्यात मंडईत मला कोंडल्यासारखं झालं.

खरा उलगडा जुन्या निगेटिव्ह काढून बसले तेव्हा झाला. फोटोंमागून फोटो पाहताना लक्षात आलं की रेंजफाइंडरच्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करणं, ज्याच्यावर माझं इतकं प्रेम होतं, ते मी फारच कमी वेळा केलं होतं. बहुतेक फोटो ३५ मिमीवर, एफ/८ ला, अंतर आधीच पाच मीटरवर लावून काढलेले. तसं केलं की साधारण अडीच मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. म्हणजे मला दोनच गोष्टी हव्या होत्या: चौकटीबाहेरचं दिसणारी खिडकी, आणि अंतराचे आकडे कोरलेली लेन्स.

दोन्ही एकत्र मिळाल्या त्या जुन्या फुजी एक्स-प्रो२ वर. २०१६ चा, २४ मेगापिक्सेलचा. पुढची कळ ओढली की काचेची खरी खिडकी आणि पडदा यांत अदलाबदल होते. खिडकी डाव्या टोकाला असल्याने उजव्या डोळ्याने पाहताना डावा मोकळा राहतो. लेन्स घेतली २३ मिमी एफ/१.४, तीही जुनी, पहिल्या पिढीची. तिची रिंग मागे ओढली की अंतराचे आकडे समोर येतात. नव्या पिढीत ती सोय नाही, म्हणून ज्यांना हाताने अंतर लावायचं आहे त्यांनी जुनीच शोधावी असं मी आवर्जून सांगेन. सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपट लहान असल्याने ही लेन्स माझ्या ३५ मिमीएवढंच दृश्य घेते. एफ/८ ला सव्वातीन मीटरवर ठेवली तर पावणेदोन मीटरपासून पुढे सगळं स्पष्ट. लेन्सचं तोंड खिडकीचा खालचा उजवा कोपरा थोडा झाकतं, पण ते बेसातही व्हायचं. ज्युपिटर रिंग लावून बसते आणि ७५ मिमीसारखी वागते. म्हाताऱ्या चेहऱ्यांसाठी मला ती आता जास्तच आवडते.

पहिल्याच सकाळी मंडईत गेले. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेला एक हमाल डावीकडून येताना चौकटीच्या बाहेरच दिसला. तीन पावलं मोजली आणि बटण दाबलं. तो बरोबर मधल्या उजेडात आला होता. पण पाटीच्या काठाखाली कपाळावर दिसणारी त्याची पांढरी टोपी जळून कोरी झाली होती. निगेटिव्हला उजेड जरा जास्त दिला तरी ती सांभाळून घेते, म्हणून मी नेहमी सावलीकडे पाहून मोजायचे. सेन्सरवर पांढरं एकदा गेलं की परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा गेले. उजेड दोन तृतीयांश स्टॉपने (स्टॉप म्हणजे उजेड मोजायचं माप) कमी ठेवला आणि कोपऱ्यावर उभी राहिले. तो आला. या वेळी टोपीची घडी दिसली, आणि घडीत अडकवलेला बिडीचा तुकडाही.