कुंडीत दगडाची भुकटी: मृगापासून संक्रांतीपर्यंतचा हिशेब

मृगाच्या आधी

झाडाला खनिजं मिळावीत म्हणून दगडाची भुकटी कुंडीत घालावी की नाही, यावर आपल्या मंडळींत दर उन्हाळ्यात वाद होतो आणि पाऊस लागला की विसरला जातो. यंदा भुकटी घातलेल्या आणि बिनभुकटीच्या, झाडं लावायच्या पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या. जे दिसलं ते लिहितो.

ही युक्ती मुळात आपली नाही. अमेरिका-कॅनडातले सेंद्रिय गांजा पिकवणारे लोक बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या दगडाची, भुकटी पोत्यांनी वापरतात. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यानं घरामागं एक झाड लावणंही गुन्हा आहे, तेव्हा झाड त्यांचं त्यांना लखलाभ. आपण फक्त मातीची कृती बघू. (माझ्या कुंपणाला अंबाडी आहे. तिचं पान गांजाच्या पानासारखं इतकं दिसतं की नवखा माणूस फाटकाशी थबकतोच. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी वाढली की शंका फिटते.)

त्यांची एक कृती बरीच चालते. एक तृतीयांश पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजका पाला), तेवढंच कंपोस्ट, माती मोकळी राहावी म्हणून तेवढेच प्युमिस किंवा परलाइटचे हलके खडे आणि घनफुटाला चारेक कप भुकटी. घनफूट म्हणजे २८ लिटर, चार कप म्हणजे लिटरभर. कागदावर सोपं वाटतं, पण त्यांचं पीट आंबट असतं. पीएच (आंबटपणाचा आकडा, सातच्या खाली आंबट) चारच्या आसपास, आणि त्यात खनिज असं जवळजवळ काहीच नसतं. शिवाय ते लोक एकदा तयार केलेली माती फेकत नाहीत, न उकरता तीच वर्षानुवर्षं वापरतात. आंबट माती आणि भरपूर वेळ, या दोन्ही गोष्टी दगड विरघळायला लागतात. त्यांच्याकडे दोन्ही आहेत.

आपली काळी माती म्हणजे झिजलेला बेसॉल्टच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याच थरावर वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा बसलेले आहेत. पीएच आठच्या घरात, खणलं की चुनखडीचे पांढरे खडे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये निम्मी सिलिका, बारा ते चौदा टक्के लोहाची ऑक्साइडं, दहाएक टक्के चुना, पाच-सहा टक्के मॅग्नेशिया असतो. पोटॅश टक्क्याच्याही खाली, स्फुरद किरकोळ आणि नत्र शून्य. यातलं बरंचसं आपल्या मातीत आधीच आहे. तरी मिरचीची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, कारण पीएच चढलेला असला की लोह विरघळत नाही. कोठार भरलेलं, पण किल्ली सासूच्या कमरेला. अशा ठिकाणी कोठारात आणखी चार पायल्या ओतून काय मिळणार, हाच यंदाचा प्रश्न होता.

म्हणून दोन तऱ्हेच्या पिशव्या भरल्या. एकीत काळी माती आणि कुजलेलं शेणखत, दुसरीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि धानाचं तूस. दोन्हींत अर्ध्या भुकटीच्या, अर्ध्या कोऱ्या. पिकं घरची: वायगावची हळद, भिवापुरी मिरची, टमाटे, आणि मांडवावर काकडी.

डस्ट आणली

गावाबाहेरच्या गिट्टी खदानीवर डस्टचा डोंगर असतो. मी दोन चुंगड्या मागितल्या तर तिथला माणूस म्हणे, "काय जी काकाजी, कुंडीत स्लॅब टाकता का?" मिरचीला घालतो म्हटल्यावर पैसे घ्यायलाही तयार होईना.

ही डस्ट तशीच कुंडीत टाकू नका. तिच्यात अर्ध्याहून जास्त रेती असते, आणि बाजरीएवढा कण विरघळायला आपलं आयुष्य पुरायचं नाही. दगड विरघळतो तो पृष्ठभागावरून, म्हणून कण जितका बारीक तितकं काम जास्त. परदेशात २०० मेशची भुकटी विकतात, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आतली. तसली चाळणी घरात कुठून आणायची? मैद्याची चाळणी लावून पाहिली तर डोळ्यांत-नाकात धूळ, आणि घरातून बोलणी.

पाण्यानं मात्र काम झालं. बादलीत चौथाई डस्ट, वर काठोकाठ पाणी. काठीनं जोरात ढवळायचं आणि मनात साठ मोजायचे. तेवढ्यात रेती धपकन तळाला बसते आणि पाणी सिमेंटच्या पाण्यासारखं राखाडी राहतं. ते राखाडी पाणी हलक्या हातानं दुसऱ्या बादलीत ओतायचं. फूटभर खोल पाण्यात मिनिटभर तरंगत राहिलेला बेसॉल्टचा कण साधारण ६०-७० मायक्रॉनच्या आतला असतो, म्हणजे २०० मेशचंच काम झालं. दुसरी बादली रात्रभर ठेवली की सकाळी वर नितळ पाणी आणि तळाशी लोण्यासारखा गाळ. चिमटीत घेऊन चोळला तर खरखर लागत नाही, बोटाच्या रेषांत जाऊन बसतो. तोच वापरायचा. उरलेली रेती वाया जात नाही, मोरीपाशी चिखल होतो तिथं पसरून टाकली.

ओल्यात काम केल्यानं धूळही उडत नाही. बेसॉल्टमध्ये मोकळं क्वार्ट्ज फारसं नसतं, तरी कोरडी डस्ट हाताळताना मास्क लावाच. भंडारा-गडचिरोलीकडे ग्रॅनाइट किंवा नीसची डस्ट मिळते. त्यात क्वार्ट्ज भरपूर, आणि ती धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. तिथं तर हयगय नकोच.

दगड ओळखायच्या दोन घरगुती परीक्षा. वाळलेल्या भुकटीवरून कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, बेसॉल्ट असेल तर काळ्या कणांची मिशी लागते, तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं खनिज. मग लिंबू पिळा. भसाभसा फेस आला तर चुना आहे. आमच्या डस्टमध्ये कुठं कुठं बारीक बुडबुडे येतात, कारण बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट साठलेलं असतं. तेवढं चालतं. पण फरशी कापणाऱ्या दुकानातला पांढरा गाळ "दगडाचीच भुकटी" म्हणून कोणी फुकट देत असेल तर घेऊ नका. संगमरवर आणि कोटा म्हणजे चुन्याच्याच दगडाचे प्रकार. आपल्या चुनखडीच्या मातीत तो घालणं म्हणजे पिवळ्या पानांना आमंत्रण. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्राची राख हा आणखी वेगळा विषय. ती कोळशाची राख आहे, तिच्यात जड धातू असू शकतात, माझ्या भाजीत ती जाणार नाही.

आर्द्रा ते पोळा

गाळ सरळ कुंडीत घालण्याऐवजी अर्धा आधी गांडूळखताच्या टाकीत टाकला. गांडुळाला दात नसतात, पोटातल्या जाड पिशवीत बारीक खडा घेऊन तो पाला दळतो. दळताना खडाही थोडा झिजतो, आणि कुजणाऱ्या पाल्यातली आम्लं त्यावर काम करतात. शेजारच्या काकू टाकीत डोकावून म्हणाल्या, "ह्या दगडानं काय होते बाप्पा, त्या बिचाऱ्याच्या पोटात दुखन!" गांडुळं मात्र गाळाच्या थराखालीच गोळा झालेली सापडली. तिथं ओल टिकते हेही कारण असेल, सगळं श्रेय दगडाला देत नाही.

उरलेला गाळ जीवामृताच्या ड्रममध्ये. नैसर्गिक शेती सांगणाऱ्या, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांची या आंबवलेल्या खतपाण्याची कृती सगळ्यांना पाठ आहे: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. गूळ आंबायला लागला की पीएचची पट्टी आंबटाकडे सरकते. भुकटी त्या वेळी ड्रममध्ये असेल तर तिच्यावरून आंबट पाणी फिरतं. कुंडीत जे महिनोन्‌महिने घडत नाही त्यातलं थोडं इथं घडवून घ्यायचं, असा विचार. रोज ढवळायला हवं, नाहीतर गाळ तळाशी दगडासारखा बसतो. दगडच तो.

प्रमाण त्या परदेशी कृतीच्या निम्मं ठेवलं, २८ लिटरच्या मिश्रणाला अर्धा लिटर गाळ. गाळ ओला भरला तर जड होतो, सुका मोजा.

दिवाळीपर्यंत

काळ्या मातीच्या पिशव्यांचं आधी सांगून टाकतो. काही फरक नाही. भुकटीची मिरची आणि कोरी मिरची यांतली कोणती कुठली हे चिठ्ठी काढून बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. पिवळी पडली ती दोन्हीकडे पडली, आणि सुधारली ती जास्तीच्या गांडूळखतानं. तेव्हा काळ्या मातीत पेरणाऱ्यांनी खदानीचा फेरा वाचवावा.

कोकोपीटच्या पिशव्यांत गंमत आहे. त्यातल्या अर्ध्या छपरीत होत्या, त्यांना छतावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी. अर्ध्या अंगणात, त्यांना बोअरचं. छपरीतल्या भुकटीच्या पिशव्यांत मिरचीची पानं गडद, पेरं आखूड, फुलगळ कमी. शेजारच्या कोऱ्या पिशव्यांत जुनी पानं कडेनं फिकट होत गेली. अंगणात मात्र भुकटीच्या आणि कोऱ्या पिशव्या सारख्याच तरारलेल्या.

हे कोडं पाण्यात सुटतं. कोकोपीट कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅशियम-सोडियम सोडतं, त्यामुळे झाडाला पहिल्या दोन्हींची ओढाताण होते. पावसाच्या पाण्यात ते नसतातच, म्हणून तिथं भुकटीची मदत दिसली. आपलं बोअरचं पाणी मात्र जड. कडकपणा ३०० (लिटरमागे मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) धरा आणि तो सगळा कॅल्शियमचा समजा, तर लिटरमागे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम होतं. रोज लिटरभर घातलं तर शंभर दिवसांत १२ ग्रॅम, तेही आधीच विरघळलेलं. अर्धा लिटर भुकटीत कॅल्शियम पन्नासएक ग्रॅम असतं खरं, पण एका हंगामात त्यातलं विरघळणार थोडंच. अंगणातल्या पिशव्यांच्या कडेला जो पांढरा थर चढतो, नखानं खरवडला की पापुद्रा निघतो, तीच आपली फुकटची भुकटी. उलट तिथं पीएच चढू नये म्हणून अधूनमधून पावसाचं पाणी द्यावं लागतं.

टमाट्याच्या बुडाला काळा डाग पडतो तो भुकटीनं जातो, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. माझ्याकडे डाग पडले ते पाणी द्यायला खाडा झाला त्याच आठवड्यात, भुकटीच्या पिशवीतही. कॅल्शियम मातीत असून भागत नाही, ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोचावं लागतं. पाळी नियमित ठेवा, डाग थांबतो.

काकडीवर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) यंदा उशिरा आली. काकडी सिलिकॉन घेणारं पीक आहे आणि सिलिकॉननं भुरीला आळा बसतो हे खरं, पण त्याचं श्रेय मी बेसॉल्टला देणार नाही. सिलिकॉनच हवं असेल तर भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधलं तूस घ्या. तुसाचा पाचवा हिस्सा राख होते आणि त्या राखेत बहुतेक सिलिकाच असते, तीही लवकर विरघळणाऱ्या रूपात. पार पांढरी होईपर्यंत जाळू नका, काळं कोळशासारखं ठेवा.

संक्रांतीनंतर

हळद काढली. पाला वाळून आडवा झाला होता, पिशव्या सुरीनं फाडल्या. छपरीतल्या भुकटीच्या पिशव्यांतले गड्डे हातात जड लागले, बोटं जाड, आणि मोडल्यावर आतला रंग दोन्हीकडे तसाच गर्द. वायगावच्या हळदीचा रंग बेण्यातूनच येतो, भुकटीनं वाढला असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. हळद आठ-नऊ महिने जमिनीत असते, भुकटीला वेळ मिळतो तो अशाच पिकात. सांभार (कोथिंबीर)-मेथीला घालून उपयोग नाही, दगड जागा व्हायच्या आत भाजी ताटात येते.

धानपट्ट्यातल्या मित्रांसाठी एक गोष्ट. बेसॉल्टची भुकटी पावसात झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात बांधून टाकते. मध्य भारतातल्या धानाच्या बांध्यांत अशी भुकटी पसरणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझ कार्बन रिमूव्हल स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. ते टनांनी पसरवतात, आपण डब्यानं मोजतो. पण पूर्व विदर्भातल्या पिवळसर-तांबड्या, किंचित आंबट मातीत आणि साचलेल्या पाण्यात भुकटी आमच्या काळ्या मातीपेक्षा जास्त काम करील असं मला वाटतं. तिकडं कोणी करणार असेल तर दोन कोऱ्या कुंड्या शेजारी ठेवा, आणि पाणी कुठलं घालता ते लिहून ठेवा.

फाडलेल्या पिशव्यांतलं कोकोपीट फेकलेलं नाही. सांदवाडीत (घरामागच्या परसात) ताडपत्रीवर पसरून वाळवलं, त्यात भुकटी तशीच आहे. येत्या मृगाला गांडूळखताची भर घालून त्यातच पुन्हा हळद लावणार, नवी भुकटी एक चिमूटही न घालता.