पेढीची बिले, पंचांग आणि मागणीचा अंदाज : माझा अनुभव

तुर्भ्याच्या बाजार समितीत आमच्या कुटुंबाची किराणा मालाची ठोक पेढी आहे. साखर, रवा, डाळी, साबुदाणा, सुके खोबरे, मसाले आणि सुका मेवा असा माल आम्ही कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, कळवा आणि ठाणे शहरातील दुकानदारांना पुरवतो. कोणता माल किती आणि केव्हा भरायचा, हे माझे सासरे अण्णा आणि आमचे जुने मेहताजी आपल्या अंदाजाने ठरवीत असत आणि तो अंदाज सहसा चुकत नसे. गेल्या काही वर्षांत मात्र ब्लिंकिट, झेप्टो यांसारख्या सेवांची लहान गोदामे ठाणे आणि नवी मुंबईतील वस्त्यावस्त्यांत उघडली. दुकानदार एकदम माल भरून ठेवीनासे झाले आणि पूर्वी पंधरवड्याला येणारी मोठी ऑर्डर आठवड्यातून दोनदोन लहान ऑर्डरींत विभागली गेली. त्यातच मेहताजींनी निवृत्तीची भाषा सुरू केली. तेव्हा पेढीच्या जुन्या बिलांवरून मागणीचा अंदाज बांधणारी संगणकीय व्यवस्था उभारावी असे घरात ठरले आणि हिशेबाचे काम मी पाहत असल्याने ही जबाबदारीही माझ्याकडे आली.

महापे येथील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीशी आम्ही बोलणी केली. पहिल्याच बैठकीत तेथील तरुणाने बिग डेटाचे, म्हणजे माहितीच्या प्रचंड साठ्यातून उपयोगाचे काही शोधण्याचे, ते प्रसिद्ध उदाहरण सांगितले. चक्रीवादळ येण्यापूर्वी अमेरिकेतील दुकानांत विजेऱ्यांबरोबरच स्ट्रॉबेरीच्या पॉप-टार्ट्स या खाऊची विक्री नेहमीच्या कित्येक पट होते, असे वॉलमार्टला आपल्या जुन्या विक्रीच्या नोंदी चाळताना आढळले आणि २००४ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांतून जगभर गेली. उदाहरण चांगले आहे. पण वॉलमार्टची माहिती आणि आमच्या पेढीची माहिती यांची तुलना होऊ शकत नाही. डग लेनी या विश्लेषकाने २००१ मध्ये अशा माहितीची तीन लक्षणे मांडली होती : प्रचंड आकारमान, येण्याचा वेग आणि प्रकारांचे वैविध्य. आमच्या सगळ्या बिलांच्या ओळी एका साध्या लॅपटॉपवर मावतात, तेव्हा आकारमान आणि वेग या दोन कसोट्यांवर आम्ही कुठेच बसत नाही. वैविध्याच्या, किंवा स्पष्टच सांगायचे तर गोंधळाच्या, बाबतीत मात्र आम्ही कोणत्याही मोठ्या कंपनीच्या तोडीचे निघालो, आणि बहुतेक श्रम तेथेच खर्ची पडले.

आम्ही जुलै २०१७ पासूनची, म्हणजे वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासूनची बिले घेतली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ती एक्सेलमध्ये उतरवली तेव्हा एकच साबुदाणा ‘साबुदाणा’, ‘साबुदाना मोठा’, ‘साबू सेलम’, ‘सा. १ नंबर’ अशा कितीतरी नावांनी समोर आला. बिल लिहिणारा माणूस बदलला की मालाचे नावही बदलत होते. करासाठी प्रत्येक मालाला एचएसएन क्रमांक असतो, त्यावरून सारे जुळेल असे त्या तरुणाला वाटले होते. पण तो क्रमांक कराचा दर ठरवण्यासाठी असतो. १९०३ या क्रमांकाखाली लहान, मोठा, भारी, हलका असा सगळा साबुदाणा एकत्र येतो आणि खरेदी करताना तर आम्हांला नेमका तोच भेद हवा असतो. शेवटी मालाची एक नवी यादी तयार करून प्रत्येक जुने नाव तिच्याशी हाताने जोडावे लागले. हे काम यंत्राला देता येईल असे आम्हांला सुचवले गेले होते आणि अक्षरसाम्यावरून जोड्या लावणारा एक प्रोग्राम चालवूनही पाहिला. परंतु त्याने ‘धने’ आणि ‘धने डाळ’ एका ओळीत बसवले, तेव्हा अण्णांनी तो बंद करायला सांगितला.

तांदूळ आणि डाळींच्या नोंदींत आणखी एक चमत्कारिक प्रकार दिसला. २०२२ च्या जुलैनंतर २५ किलोच्या पोत्यांची विक्री एकाएकी ओसरलेली होती आणि ३० किलोचा तोच माल जणू शून्यातून उगवला होता. संगणकाच्या दृष्टीने एक माल मेला आणि दुसरा जन्माला आला. प्रत्यक्षात १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या आवेष्टित आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी व पिठांवर ५ टक्के कर लागू झाला आणि त्यापेक्षा मोठ्या पोत्यांना तो लागू नव्हता, म्हणून बाजारात २६ आणि ३० किलोची पोती आली. गिऱ्हाईक तेच, तांदूळ तोच, फक्त पोते बदलले. हे ज्याला ठाऊक नाही त्याने कितीही उत्तम गणित केले तरी त्याचे उत्तर चुकणारच. आम्ही सगळी विक्री पोत्यांऐवजी किलोत मोजायला घेतली आणि ही फट बुजली. टाळेबंदीच्या काळातील महिने मात्र वेगळे काढून ठेवले, कारण त्या दिवसांत लोकांनी जे मिळेल ते घेतले आणि त्यावरून पुढचे काही ठरवता येत नाही. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे ठरावीक नमुन्यातील बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद, सक्तीचे झाले. आम्ही त्यात येतो. त्यानंतरची बिले तुलनेने स्वच्छ होती. करखात्याच्या सक्तीचा असाही उपयोग झाला, हे नमूद करायला हवे.

सर्वांत महत्त्वाची अडचण नावांची नव्हती. बिलात जे दिसते ती विक्री असते, मागणी नसते. एखाद्या दुकानदाराने खोबऱ्याच्या दहा गोण्या मागितल्या आणि आमच्याकडे सहाच शिल्लक असल्या, तर बिल सहा गोण्यांचे होते. माल पूर्ण संपलेला असेल तर बिलच होत नाही आणि यंत्राला त्या दिवशी मागणी शून्य दिसते. मग ते पुढच्या वर्षी कमी माल भरा असे सुचवते, माल पुन्हा तुटतो, विक्री पुन्हा कमी दिसते आणि सल्ला अधिकच आखडता होतो. अशा चक्रात सापडलेली पेढी आपल्याच नोंदींच्या आधारे स्वतःचा धंदा घटवत नेते. याबद्दल मी आधी कोठे वाचले नव्हते. मेहताजींनी आकडे पाहून, “त्या आठवड्यात बदाम नव्हतेच आपल्याकडे,” असे म्हटले आणि तेथून शोध सुरू झाला.

सुदैवाने गेल्या काही वर्षांतील बऱ्याच ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या होत्या. त्या उतरवून घेऊन बिलांशी ताडून पाहिल्या, आणि ज्या दिवशी माल शिल्लक नव्हता त्या दिवसाची मागणी शून्य न धरता ‘अज्ञात’ धरावी असे ठरवले. यापुढच्या नोंदींसाठी सेल्समनच्या मोबाइलमधील ऑर्डरच्या पानावर ‘मागितला पण दिला नाही’ असा एक रकाना वाढवला. सेल्समन मंडळींना तो मुळीच आवडला नाही. न विकलेल्या मालाची नोंद करून आपल्याला काय मिळणार, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. त्यावर अण्णांनी तोड काढली : तुटलेल्या मालाची नोंद ज्याने केली असेल त्याच्या दुकानदाराला नवा माल आल्यावर पहिला हिस्सा द्यायचा. तेव्हापासून रकाना भरू लागला. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट हा एक रकाना आहे आणि त्यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान लागले नाही.

यानंतर कालगणनेचा प्रश्न आला. कंपनीने आणलेले मॉडेल, म्हणजे जुन्या आकड्यांवरून पुढचा अंदाज काढणारे गणित, इंग्रजी महिन्यांवर चालत होते. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. रवा, गूळ, खोबरे, वेलची यांचा उठाव चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात होतो, त्यामुळे मॉडेलला कधी ऑगस्ट मोठा दिसे, कधी सप्टेंबर, आणि ते दोहोंची सरासरी काढून दोन्ही महिन्यांत मध्यम माल भरायला सांगे. म्हणजे एका महिन्यात माल कमी पडणार आणि दुसऱ्या महिन्यात पडून राहणार, आणि पावसाळ्यात पडून राहिलेल्या रव्याला जाळी लागायला वेळ लागत नाही. २०२३ मध्ये तर अधिक श्रावण होता. १८ जुलैपासून १५ सप्टेंबरपर्यंत दोन श्रावण चालले आणि साबुदाणा व भगरीच्या विक्रीला असा काही आकार आला की त्या तरुणाने ते आकडे नोंदीतील चूक समजून वगळायला काढले होते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक तारखेपुढे तिथी, महिना आणि मुख्य सणाला किती दिवस उरले आहेत हे लिहिले. पंचांग आम्ही पुरवले. ते गणितात बसवण्याचे काम कंपनीने चोख केले. मेहताजींनी आणखी एक पायरी सुचवली, ती म्हणजे वस्तीनुसार हिशेब वेगळा ठेवण्याची. कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची मोठी वसाहत आहे आणि त्यांतील अनेक कुटुंबे सातारा भागातील आहेत. गावची जत्रा आली की त्या भागातील दुकानांचा उठाव खाली येतो. कळव्यातील काही दुकानांत नेमका गणपतीत खप घटतो, कारण गिऱ्हाईक कोकणात गेलेले असते, आणि जाण्याआधीच्या आठवड्यात तेच दुकान दुप्पट माल उचलते. ही माहिती बिलांत होतीच. ती शोधायची आहे हे मात्र सांगणारा माणूस लागला.

मॉडेल तयार झाल्यावर ते मान्य करण्यापूर्वी मी एक अट घातली. शेवटच्या वर्षाची बिले त्याला न दाखवता त्या वर्षाचा अंदाज काढायचा आणि तो दोन प्रतिस्पर्ध्यांशी ताडायचा : एक, ‘गेल्या वर्षी याच तिथीच्या आठवड्यात जेवढे गेले तेवढे’ हा साधा नियम आणि दुसरे, मेहताजी. साखर, रवा, तूरडाळ अशा रोज जाणाऱ्या मालात साधा नियम आणि मॉडेल जवळजवळ बरोबरीने चालले. त्यासाठी पैसे मोजायची गरज नव्हती. कोणत्या दुकानाला कोणत्या आठवड्यात काय लागेल, या तपशिलात मात्र मॉडेल दोघांच्याही पुढे गेले, कारण शेकडो दुकानांची चाल एका माणसाच्या लक्षात राहणे शक्य नाही. केशर, जायपत्री, चारोळी यांसारखा माल कधीतरीच आणि थोडा जातो. तेथे रोजचा अंदाज काढण्यात अर्थ नसतो. जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत त्या मालासाठी वापरली. त्या पद्धतीत दोन मागण्यांमधील अंतर आणि प्रत्येक मागणीचे प्रमाण यांचा अंदाज वेगवेगळा काढतात. पन्नास वर्षांहून जुनी ही पद्धत कंपनीच्या नव्या मॉडेलपेक्षा आम्हांला जास्त उपयोगी पडली.

मेहताजी ज्या ठिकाणी निर्विवाद पुढे राहिले तो विषय तेजी-मंदीचा. भाव चढणार असे वाटले की दुकानदार गरज नसतानाही माल उचलतो आणि उतरणार असे वाटले की हात आखडतो. आमच्या बिलांत कालचे भाव आहेत, उद्याचे नाहीत. कंपनीने बाजारभाव आणि पावसाची माहिती जोडून हेही करून देण्याची तयारी दाखवली होती. आम्ही ते नाकारले.

माहितीच्या गुप्ततेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. आमचे बहुतेक दुकानदार स्वतःच्या नावाने धंदा करतात, त्यामुळे दुकानाचा फोन हा त्या व्यक्तीचाच फोन असतो आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ती बाब गंभीरपणे घ्यायला हवी. कंपनीला माहिती देताना आम्ही नावे व फोन काढून प्रत्येक दुकानाला एक क्रमांक दिला आणि त्या क्रमांकांची किल्ली पेढीतच ठेवली. इतर वितरकांच्या माहितीबरोबर आमची माहिती एकत्र करू दिल्यास शुल्कात मोठी सवलत देऊ, असा प्रस्तावही आला. अण्णांनी तो क्षणभरही विचारात घेतला नाही. कोण काय आणि किती भरतो, हे बाजारात कोणी कोणाला सांगत नाही, आणि करारात माहितीवर पेढीचा हक्क राहील, काम संपल्यावर ती पुसली जाईल, अशी कलमे त्यांनी वकिलांकडून लिहून घेतली. (आमची बिले ठेवलेला क्लाउड नेमका कोठे आहे, असेही त्यांनी विचारले. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, जेथे एके काळी रासायनिक कारखाने होते, तेथे आज डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत, हे ऐकून त्यांना जरा हायसे वाटले. हे कारण पटण्यासारखे नसले तरी मी ते खोडले नाही.)

आता दर सोमवारी सकाळी यंत्र प्रत्येक मालासाठी एक आकडा न देता किमान आणि कमाल असा पल्ला देते. पल्ल्यातील कोणते टोक धरायचे हे मालावर अवलंबून असते. साखर जास्त झाली तर केवळ भांडवल अडकते, म्हणून वरचे टोक. पावसाळ्यातला रवा खालच्या टोकाने. मेहताजी आठवड्यातून एकदा येतात आणि त्यांनी आकडा बदलला तर कारणासह तो नोंदवला जातो, म्हणजे पुढे कोणाचे बरोबर निघाले हे तपासता येते.

येत्या १७ मे ते १५ जून २०२६ या काळात अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे, बत्तासे देण्याची रीत असल्याने गूळ आणि खसखशीला एरवी नसलेला उठाव येतो. आमच्या नोंदींत याआधीचे तीनच अधिकमास आहेत : २०१८ चा ज्येष्ठ, २०२० चा आश्विन आणि २०२३ चा श्रावण. त्यांतील मधला साथीच्या वर्षातला आणि शेवटचा उपवासांच्या दिवसांतला. एवढ्यावरून यंत्राने काढलेला खसखशीचा पल्ला इतका रुंद आहे की त्याचा उपयोग नाही. तो आकडा बाजूला ठेवून या महिन्याची खरेदी मेहताजींच्या हाताने करायचे आम्ही ठरवले आहे. त्यांनी पहिली ऑर्डर दिलीही आहे.